घट्ट वरण, अळीव आणि बी-१२ची गोळी

बाळंतपण होऊन घरी आलेल्या बाईला येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "दूध पुरतंय ना बाळाला?" ती स्वतः काय जेवली, पोटभर जेवली का, हे विचारणारे फार थोडे. त्यातून ती शाकाहारी असेल, किंवा दूधदुभतंही सोडलेली म्हणजे व्हीगन असेल, तर त्या प्रश्नात शंकेचा सूर मिसळतो. नुसता पालापाचोळा खाऊन दूध येणार कुठून, असा. हा लेख त्या आयांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या आई, सासू, नवरा, नणंद या सगळ्यांसाठी.

दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून. बाळ जितक्या वेळा आणि जितकं नीट ओढेल, तितकं पुढचं दूध तयार होतं. आई मांसाहारी की शाकाहारी यावर ते कमी-जास्त होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक आयांना दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येतं. आईच्या खाण्याचा प्रश्न वेगळा आहे. हे पाऊण लिटर रोज कुणाच्या खात्यातून खर्ची पडतं, हा तो प्रश्न.

काही गोष्टी शरीर काहीही करून दुधात घालतंच. कॅल्शियम त्यातलं. आईच्या ताटात कॅल्शियम नसेल तर ते तिच्या हाडांतून काढून घेतलं जातं. प्रथिनांचंही तसंच, बाळाचा वाटा आधी काढला जातो आणि आई झिजते. बाळ बाळसं धरतं, सगळे खूश होतात, आणि आईचे केस गळतात, कंबर धरते, ती थकून जाते. काही गोष्टींचं मात्र उलटं आहे. त्या आईच्या शरीरात नसतील तर दुधातही उतरत नाहीत. बी-१२, आयोडीन आणि डीएचए नावाचं स्निग्धाम्ल या त्यातल्या तीन. इथे कमतरतेची किंमत बाळ मोजतं. शाकाहारी आईने आपलं ताट या दोन बाजूंनी तपासावं. स्वतःसाठी काय कमी पडतंय आणि बाळासाठी काय कमी पडतंय.

आधी स्वतःचं बघू. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. एक जास्तीची ज्वारीची भाकरी, एक वाटी घट्ट आमटी, मूठभर शेंगदाणे गुळाच्या खड्याबरोबर आणि एक केळं. एवढं झालं की ६०० भरतात. यासाठी तुपाची धार वाढवत नेण्याची गरज नाही आणि "आता वजन उतरवायचंय" म्हणून पहिल्या दोन महिन्यांतच रात्रीचं जेवण सोडण्याचीही नाही.

प्रथिनं दिवसाला साठ ग्रॅमच्या थोडी वर लागतात. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच, आणि त्याचं कारण आहे पातळ वरण. बाळंतिणीला पचायला हलकं म्हणून मऊ भात, त्यावर तूप, मेतकूट आणि फोडणीचं पाणी म्हणावं असं वरण वाढतात. पानात पाहिलं तर वरण पिवळं, गरम, वाटीभर असतं. आता कुकरमध्ये किती डाळ घातली होती ते आठवा. चार माणसांच्या घरात अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे साठेक ग्रॅम. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा ग्रॅम डाळ आली, त्यातून प्रथिनं मिळाली साडेतीन ग्रॅम. दोन्ही वेळा जेवून सात. एवढ्यावर बाळंतीण उभी राहील कशी?

म्हणून वरण घट्ट करा. बाळंतिणीच्या एका वेळच्या वाटीत निदान तीस ग्रॅम कोरडी डाळ असली पाहिजे, म्हणजे तिच्या हाताची एक मूठ. पातळ हवंच असेल तर दोन वाट्या वाढा. शिवाय दिवसात एकदा मोडाची उसळ हवी, मटकी, मूग, चवळी यांपैकी काहीही. कोकणात कुळथाचं पिठलं किंवा कढण असतं, ते उत्तम. कुळथातही डाळींइतकीच प्रथिनं आहेत आणि ते पोटाला जड होत नाही. सकाळच्या नाश्त्याला नुसते पोहे, नुसता रवा नको. पोह्यांत शेंगदाणे मूठभर, उपम्यात मटार, नाहीतर मुगाचं धिरडं. ज्या दूध घेतात त्यांना ताक, दही, पनीर यांचा आधार असतो. ज्या घेत नाहीत त्यांनी डाळ-कडधान्याची तिसरी वाटी पक्की धरावी. सोयाबीन पिठात दळून घालावं, टोफू मिळत असेल तर भुर्जी करावी. सोयाच्या वड्या उकळून, पिळून रश्श्यात टाकल्या तरी चालतात.

कॅल्शियमला दुधाशिवाय वाट नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिळात त्याच्या तिप्पट-चौपट. दोन मोठे चमचे तीळ भाजून चटणीत किंवा लाडवात रोज गेले तर कपभर दुधाइतकं कॅल्शियम त्यातून येतं. तीळ असोलेच घ्या, पांढरेशुभ्र सोललेले नकोत, कारण कॅल्शियम सालात असतं. शेवग्याचा पाला, मेथी हेही चांगले. पालकाची गोष्ट वेगळी. त्यात कॅल्शियम आहे, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या देतात, दिवसातून दोनदा. त्या घ्याव्यात. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाच्या आड येतं.

लोहाचं थोडक्यात सांगते. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, असं नाही. लोह खरं मिळतं ते अळीव, बाजरी, तीळ, कडधान्यं आणि पालेभाज्यांतून. पण वनस्पतींतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते. वरणावर लिंबू पिळा, जेवताना आवळ्याची फोड घ्या, वर पेरू खा. कडधान्याला मोड आले की लोह आणखी सुटं होतं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर तरी थांबा. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्या आशाताई देऊन जातात आणि पुष्कळ घरांत त्या कपाटावर तशाच राहतात. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बंद केल्या असं बायका सांगतात. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या, पण घ्या.

आता बाळाच्या वाट्याचं. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला पायाच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. जीभ सोलवटल्यासारखी लाल झाली, तिखट सोसेना. सगळे म्हणाले, जागरणं आहेत, व्हायचंच. हिमोग्लोबिन तपासलं तर चांगलं होतं, म्हणून कुणी पुढे पाहिलं नाही. चौथ्या महिन्यात एका डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितलं. २००च्या खाली गेलं की कमतरता धरतात. माझं १३८ निघालं. मी चक्रावले, कारण आमच्याकडे दूध, दही, ताक रोजचंच. डॉक्टरांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते माझ्याबद्दल नव्हतंच. "बाळ हसतं का? मान नीट धरतं का?" असं त्यांनी विचारलं. तोवर मला हे माहीतच नव्हतं की माझ्या रक्तातली कमतरता माझ्या दुधातून त्याच्यापर्यंत पोचते. मला इंजेक्शनं सुरू झाली, त्याला थेंब. त्याचं सगळं ठीक राहिलं. पण त्या रात्री मी त्याच्या पाळण्याशेजारी बसून राहिले होते, ते अजून आठवतं.

बी-१२ हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. झाडं करत नाहीत. पालेभाजीत, कडधान्यात, फळात ते नसतं. मोड आणून येत नाही आणि इडलीचं पीठ आंबवूनही भरवशाचं येत नाही. स्पिरुलिनात असतं असं जाहिराती सांगतात, पण तिथला बराचसा भाग नुसता दिसायला बी-१२सारखा असतो, शरीराला तो वापरता येत नाही. शाकाहाऱ्याला ते मिळतं ते दूध-दह्यातून, आणि तेही बेताचंच. पेलाभर दुधात एक मायक्रोग्रॅमला थोडं कमी. पाजणाऱ्या आईला लागतं दिवसाला तीनच्या आसपास. म्हणजे रोज तीन पेले दूध-दही पोटात गेलं पाहिजे. चहातलं चमचाभर दूध या हिशेबात येत नाही. आणि व्हीगन आईच्या ताटात तर हा आकडा शून्य असतो.

हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास हाती घेतला. गरोदरपणी त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. फोलेट मात्र बहुतेकींचं पुरेसं होतं. पुढे त्यांच्या मुलांना सहाव्या वर्षी तपासलं, तेव्हा ज्यांच्या आयांचं फोलेट चढं आणि बी-१२ उतरलेलं होतं त्यांच्यात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, असं जास्त दिसलं. म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट. आपल्या लोहाच्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असतं, बी-१२ नसतं. फॉलिक आम्लामुळे रक्त बरं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. माझं हिमोग्लोबिन चांगलं का आलं होतं, ते मला हे वाचल्यावर कळलं.

बाळात ही कमतरता फार हळू दिसते. जन्मतः आईकडून आलेला थोडा साठा असतो, तो काही महिने पुरतो. मग चौथ्या-सहाव्या महिन्यानंतर बाळ मंद वाटू लागतं. हसायचं ते हसत नाही, खेळण्याकडे बघत नाही, बसायला लागलेलं बसेनासं होतं. फिकट दिसतं, केस विरळ आणि भुरे होतात, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. काही बाळांचे हातपाय थरथरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२मध्ये अशा अंगावर पिणाऱ्या बाळांचं वर्णन केलं होतं आणि त्यामागचं बी-१२ दाखवून दिलं होतं. इतकी जुनी माहिती असून अजूनही घरात "त्याचा स्वभावच शांत आहे" म्हणून वेळ जातो. बाळ एखादी शिकलेली गोष्ट विसरतंय असं वाटलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आई शाकाहारी आहे हे स्वतःहून सांगा. उपचार सोपा आहे आणि बाळ त्याने झपाट्याने सुधारतं. उशीर झाला तर मात्र काही नुकसान कायमचं राहू शकतं.

मग करायचं काय? गरोदरपणातच, नाहीतर बाळंतपणानंतर लगेच बी-१२ तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देऊन साठा भरतात. तो भरल्यावरही गोळी चालू ठेवायची असते, अंगावर पाजणं चालू आहे तोवर तर नक्कीच, आणि व्हीगन असाल तर कायमच. रोज थोडी थोडी घेणं चांगलं, कारण आतडं एका वेळी नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषून घेतं. बाकीच्यातला शेकडा एखादा भाग कसाबसा आत शिरतो. गोळीतल्या मात्रेचा आकडा इतका मोठा का असतो, त्याचं उत्तर हे आहे.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "ही गोळी आपल्याला चालते का गं? मांसातनं काढतात म्हणे." नाही काढत. बी-१२ जिवाणूंच्या मदतीने, किण्वनाने तयार करतात. कॅप्सूलचं वरचं टरफल मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी किंवा थेंब घ्यावेत आणि पाकिटावर हिरवा ठिपका बघावा. गोळी घेणं म्हणजे आपला आहार खोटा ठरला, असं मानण्याचंही कारण नाही. स्वच्छ धुतलेल्या भाज्या आणि गाळलेलं पाणी आपण वापरतो, ते चांगलंच करतो. त्यातून बी-१२ मिळणार नाही, एवढंच.

आयोडीनची गोष्ट मिठापाशी सुरू होते. पाजणाऱ्या आईची आयोडीनची गरज इतर बायकांच्या जवळजवळ दुप्पट असते आणि बाळाची थायरॉइड ग्रंथी, पर्यायाने मेंदूची वाढ, दुधातल्या आयोडीनवर चालते. नेमकं याच काळात घरात "शुद्ध" म्हणून सैंधव येतं, गुलाबी मीठ येतं. बहुतेक सैंधवात आयोडीन नावालाच असतं. उपासाला वापरा हवं तर. रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच पडू द्या आणि बरणी गॅसशेजारी उघडी ठेवू नका. ज्या दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून आयोडीन असलेलं मल्टिव्हिटॅमिन घ्यावं.

डीएचए बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतं. माशांत ते असतं, आपल्या ताटात थेट नसतं. जवसात आणि अक्रोडात त्याचा कच्चा माल आहे, पण शरीर त्यातलं थोडंसंच डीएचएत बदलतं. जवस खा, त्याचे इतर फायदे आहेतच. अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून लसूण, लाल तिखट, मीठ घालून चटणी कुटा आणि आठवड्यापुरतीच कुटा, नाहीतर तेलाला खवट वास येतो. त्याशिवाय परवडत असेल तर समुद्री शैवालाच्या तेलाची, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास डीएचए देणारी कॅप्सूल घ्या. मासे ते शैवाल खाऊनच डीएचए मिळवतात. आपण ते मुळातून घेतो.

ड जीवनसत्त्वाचं एक वाक्य: कुठल्याही आईच्या दुधात ते पुरेसं नसतं, म्हणून बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे, बाळ कितीही उन्हात शेकलं असलं तरी.

आता वर्ज्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण शाकाहारी बाळंतिणीचं ताट रिकामं होतं ते यांच्यामुळे. चवळी वातूळ, फ्लॉवरने बाळाला गॅस, वांगं नको, मटकी नको, आंबट नको, केळ्याने सर्दी. एकेक वजा करत गेलं की उरतं तूप-मेतकूट-भात आणि दुधी. बाळ रडलं की आईने काय खाल्लं त्याची झडती. कडधान्याचा गॅस आईच्या आतड्यात होतो. तो रक्तात आणि तिथून दुधात जात नाही. चवी आणि वास मात्र जातात. आईने लसूण खाल्ल्यावर दुधाला त्याचा वास येतो, आणि अभ्यासात असं दिसलं की बाळं तेव्हा उलट जास्त वेळ ओढत राहिली. एखाद्या बाळाच्या शीत रक्त दिसलं, सतत पुरळ उठलं, तर आईच्या खाण्यातलं एखादं प्रथिन, बहुतेक वेळा गाईच्या दुधाचं, त्याला सोसत नसेल. पण ते डॉक्टरांबरोबर शोधायचं. अंदाजाने दहा पदार्थ बंद करायचे नाहीत.

आपल्या आज्यांचं जे खरंखुरं शहाणपण आहे ते मात्र हातचं सोडू नका. अळिवाचा लाडू बघा. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, ते फुगून चिकट होतात. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवायचं, जायफळ किसायचं, गरम असतानाच वळायचं. यात दुधाचा थेंब नाही, तुपाशिवायही होतो. शेकडो वर्षांपासून तो आपल्या घरात व्हीगन आहे, नाव तेवढं नव्हतं. डिंकाच्या लाडवात तूप असतं, पण डिंक खोबरेल तेलातही छान फुलतो. खारीक, खोबरं, खसखस, गूळ तेच. शेपूची भाजी, मेथीची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा, सगळं खुशाल खा. दूध वाढवणारं म्हणून डब्यातून मिळणारा शतावरी कल्प आणताना तेवढी घटकांची यादी वाचा. पुष्कळ डब्यांत सर्वांत जास्त साखरच असते.

आणखी एक, फक्त व्हीगन घरांसाठी. काही कारणाने अंगावरचं दूध कमी पडलं तर वर्षाच्या आतल्या बाळाला घरी केलेलं बदामाचं, नारळाचं किंवा सोयाबीनचं दूध त्या जागी देऊ नका. त्याने बाळाचं पोषण होत नाही. सोयापासून केलेलं बाळांचं खास फॉर्म्युला दूध असतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावं. सहा महिने पूर्ण झाले की वरण, नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी सुरू करायचीच, कारण तोवर बाळाचा लोहाचा साठा संपत आलेला असतो. दूध त्यापुढेही दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर जास्त चालू ठेवता येतं.

शेवटी रात्रीचं. बाळ रात्री दोनला उठतं, पाजता पाजता आईला अशी भूक लागते की पोटात खड्डा पडतो. त्या वेळी स्वयंपाकघरात जायचं त्राण नसतं. म्हणून संध्याकाळीच कुणीतरी, आणि हे काम नवऱ्याने करावं, तिच्या उशाशी एक स्टीलचा डबा भरून ठेवावा. त्यात दोन अळिवाचे लाडू, मूठभर भाजलेले दाणे, तिळाची वडी, एक केळं. शेजारी पाण्याचा तांब्या. डब्याचं झाकण सैल ठेवायचं, एका हाताने, आवाज न करता उघडेल इतपत.